पूनम सागरच्या पुस्तक-कपाटाची मोहीम

श्रींच्या कृपेने आणि नळाच्या मर्जीने मुलूख यथास्थित असता, इसवी सन दोन हजार सहाचे उन्हाळी सुटीत, मौजे मिरा रोड, प्रांत पूनम सागर येथे जो घोर संग्राम जाहला, त्याची हकीकत येणेप्रमाणे. श्रोत्यांनी सावधचित्त असावे व मोबाईल बंद ठेवावे.

अखंडितलक्ष्मीअलंकृत मृणालिनीबाई, विमा कचेरीतील कारकून, दादरचा मुलूख सोडून या प्रांती वसतीस आल्या. दादरास घरामागेच वाचनालय होते आणि येथे कोसभर नव्हते, याचा बाईंचे जिवास मोठा घोर लागला. मग बाईंनी सोसायटीचे कचेरीत लोखंडी कपाट कायम केले, आणि त्यांत बालकुमारांच्या नव्या ताज्या कादंबऱ्या भरल्या, आणि प्रत्येकीस खाकी कव्हर चढविले, आणि दर रविवारी खासा खुर्ची टाकून, नुकतेच काय वाचले त्याची पोरांस शिफारस करू लागल्या.

बाईंची रीत ऐसी की, सांगावे ते पुरते सांगावे. अर्धवट सांगणे म्हणजे पाहुण्यास भात वाढून वरण न वाढणे. म्हणोन ‘नववी ड’ या कादंबरीतील पेपर कोणी फोडला, हे बाईंनी भर दरबारात जाहीर केले, आणि वर तात्पर्यही जोडले. पोरे तोंडाचा आ वासून ऐकत, आणि रिक्त हस्ते घरोघर कूच करीत. कपाटातील एक पुस्तक हलेना. पोरांस वाचनाची गोडीच नाही, ऐसे मानून बाई कष्टी होत.

तों सेक्रेटरी जयकुमारशेट, पार्किंग व पाणी यांचे मुखत्यार, यांनी कपाटाजागी कॅरम मांडण्याची मसलत केली आणि हुकूम फर्माविला, “देखो मॅडम, या संडेला पण बुक नाही गेला ना, तर कपाट गच्चीवर.” गच्ची म्हणजे पावसाळ्यांत पुस्तकांचा लगदा.

रविवारी बाईंनी निकराचा हल्ला केला. समोर सुरुची नामे सातवीतील तोंडाळ कन्या बसली होती. बाईंनी ‘खारफुटीतला तंबू’ हाती घेतला आणि कथा मांडली की, एक मुलगी खाडीकाठी एकटीच गेली, आणि तेथे तंबू दिसला, आणि आंत दिवा जळत होता, आणि उशीखाली शाळेचे ओळखपत्र सापडले, आणि त्यावर नाव व फोटो तिचाच. मग बाहेर पाऊल वाजले, आणि—

वॉचमन बबनने शिट्टी फुंकली. पाणी सोडले!

बाईंचा ड्रम कोरडा होता. पुस्तक तेथेच टाकून बाई जिन्याकडे जीव घेऊन धावल्या. ड्रम भरून परतल्या, तों सुरुची पुस्तक काखेत मारून उभी.

“काकू, मी नेतेय हे. आज पहिल्यांदा तुम्ही शेवट नाही सांगितलात!”

बाईंचे डोक्यांत तेव्हा लख्ख उजेड पडला. इतके दिवस आपणच वाचनाचा दरवाजा लावून बसलो होतो, हे उमगून बाई शरमल्या.

परंतु शेट बोलले, एका पुस्तकाने लढाई जिंकली जात नाही. अजून एक रविवार. त्या रविवारी सुरुची तंबू घेऊन परतली आणि शाळेच्या मैत्रिणीकडून आणलेले नवे पुस्तक उलट बाईंनाच शिफारस करून, नेमकी मध्यावर थांबली. बाईंनी विनविले, दटाविले, चिक्कीही देऊ केली.

“वाचा ना मग, काकू!”

बाई घरी जाऊन वाचीत बसल्या. शिट्टी वाजली, नळ आला, ड्रम भरला आणि भरून वाहिला, आणि बाईंस खबर नाही. खालचे मजल्यावर जयकुमारशेटांचे छत गळू लागले. शेट संतप्त होऊन वर चाल करून आले.

“मॅडम! घर में समुंदर हो गया! काय करताय काय?”

बाईंनी मान वर न करता काय वाचीत होत्या ते सांगितले, भर रंगात आणिले, आणि मग पुस्तक मिटून फडके घेऊन मोरीकडे चालू लागल्या.

शेट ओल्या पायांनी उंबऱ्यातच थिजले.

“फिर? आगे क्या हुआ?”

बाईंनी पुस्तक तेवढे शेटांचे हाती दिले.

येणेप्रमाणे कपाट जागचे जागी कायम जाहले, कॅरम गच्चीवर रवाना जाहला, आणि शेट अद्याप बारावे प्रकरणी आहेत. त्यांस शेवट कोणी सांगू नये, ऐसा बाईंचा सक्त हुकूम आहे.