कोणतीही कळ दाबा

टक्-टक्. टक्-टक्.

दुपारच्या शांत घरात आवाज झाला आणि नुकताच डोळा लागलेली छोटी पोर, चिमणी, जागी झाली. तिची आजी स्वयंपाकघरात डब्याच्या झाकणावर एका बोटाने सराव करत बसली होती. लागोपाठ दोनदा टिचकी मारायची, असं सुनेने शिकवलं होतं, आणि आज परीक्षा होती.

गावातलं संगणक केंद्र सून, म्हणजे चिमणीची आई, चालवायची, म्हणून गाव तिला केंद्रवालीच म्हणायचं. धान्याच्या कोठाराला लागून एक खोली आणि तिच्यात धुळीने खोकणारी दोन-तीन यंत्रं, एवढाच पसारा. पण वरच्या कार्यालयाने कळवलं होतं, की तुमच्याकडे नुसती तरुण पोरं येऊन खेळून जातात. गावातल्या एखाद्या तरी म्हाताऱ्या माणसाने आमच्यासमोर, कुणाच्या मदतीशिवाय, एक निरोप धाडून दाखवावा. नाही जमलं तर यंत्रं उद्याच शहरात हलणार. म्हणजे साध्या दाखल्यासाठीही गावाला अख्खा दिवस मोडावा लागणार, आणि केंद्रवाली घरी बसणार.

तिने घरोघर जाऊन आज्यांना गळ घातली होती. परीक्षा म्हटल्यावर एकीला लेकीकडे जायचं आठवलं, दुसरीची शेळी नेमकी त्याच दिवशी विणार होती, तिसरीला तर एकाएकी ऐकूच येईनासं झालं. उरल्या घरच्या सासूबाई.

"मी बसते," त्या म्हणाल्या. "नापास झाले तरी गोष्ट घरातल्या घरात राहील."

परीक्षेच्या वेळी केंद्रातल्या यंत्राच्या पडद्यावर वरच्या कार्यालयातल्या मॅडम आल्या. जाड चष्मा, कोरा चेहरा. त्यांनी आधी नियम सांगितला, की शिकवणाऱ्या बाईंनी मागे भिंतीशी उभं राहायचं आणि एक शब्द जरी बोलल्या तरी परीक्षा रद्द. केंद्रवाली चिमणीला कडेवर घेऊन भिंतीला चिकटली. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या. मग यंत्रातून खणखणीत पुस्तकी आवाज आला.

"पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा."

इतके दिवस केंद्रवालीने बटण, बटण म्हणूनच शिकवलं होतं. कळ हा शब्द सासूबाईंना ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. उलट त्यांच्याइतका तो गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल.

सासूबाईंनी थोडा विचार केला आणि उजवा गुडघा दाबला.

"कोणतीही कळ दाबा," यंत्र म्हणालं.

त्यांनी डावा दाबला. मग कंबर. यंत्र काही ऐकेना. "दाबतेय हो," त्या काकुळतीने म्हणाल्या, "पण ती एका जागी राहील तर ना."

मॅडम पुढे वाकल्या. "आजी, काय होतंय तुम्हाला?"

"कळ."

"छातीत नाही ना येत?"

हा प्रश्न पुस्तकाबाहेरचा होता. सासूबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. तिला बोलायची बंदी. म्हणून तिने मोकळ्या हाताची बोटं छातीसमोर हवेत नाचवली, की अहो, बटणं, समोरची बटणं. सासूबाईंना उत्तर मिळालं.

"छातीतसुद्धा येते," त्या समाधानाने म्हणाल्या.

पुढचं सगळं फार भराभर झालं. केंद्रवालीने न राहवून "मॅडम, त्यांना काही झालेलं नाही" असं म्हणताच मॅडमनी स्वतःचा नियम विसरून तिला झापलं, की घरच्या माणसांचं हे नेहमीचंच, आणि शेजारच्या आरोग्य खात्याच्या खोलीतून एका डॉक्टरांना ओढून पडद्यावर आणलं. डॉक्टर म्हणाले, जीभ दाखवा. सासूबाईंनी अशी मन लावून दाखवली, की पुढे वाकताना त्यांचं कोपर बटणांवर टेकलं.

"शाब्बास," यंत्र म्हणालं. "पहिला टप्पा पूर्ण."

सासूबाईंनी जीभ आणखी लांब काढली.

एव्हाना खिडकीत डोकी जमली होती. पडद्यात डॉक्टर बसलाय, ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. लेकीकडे गेलेली आजी आली, शेळीवाली आली, ऐकू न येणारीला तर ही बातमी सगळ्यांत आधी ऐकू आली होती. डॉक्टरांनी सासूबाईंना खोल श्वास घ्यायला लावला, सतरा प्रश्न विचारले आणि शेवटी ठरवलं, की गुडघे सोडले तर बाई ठणठणीत आहेत. त्या उठायच्या आत शेळीवालीने खुर्ची पकडली. मागे रांग लागली. कुणी पडद्याला मान दाखवतंय, कुणी पाऊल वर उचलतंय. निरोप धाडायचं कुणाच्या ध्यानीमनीही उरलं नाही. केंद्रवाली भिंतीशी उभी राहून मनातल्या मनात यंत्रांना खोकी शोधत होती.

बऱ्याच वेळाने मॅडम पडद्यावर परतल्या. चष्मा काढून पुसत होत्या.

"बाई, मी इतकी केंद्रं पाहिली," त्या म्हणाल्या, "पण एवढी म्हातारी माणसं आपण होऊन संगणकापुढे बसलेली कुठे पाहिली नाहीत. यंत्रं राहू देत. दर आठवड्याला डॉक्टर देते."

पडदा काळा झाला. केंद्रवाली तिथेच स्टुलावर बसली. रांगेत आता कुणाची कळ जास्त जुनी यावरून भांडण लागलं होतं, आणि सासूबाई सगळ्यांना जीभ कशी काढायची ते शिकवत होत्या.

चिमणीने आईची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"आई, सगळ्या आज्या आजारी आहेत म्हणून आपण पास झालो का गं?"