वकिलातीतले पाहुणे आणि तात्या मास्तर

तात्या मास्तर चहासुद्धा नियम वाचून पितात, असं आम्ही शिक्षक म्हणायचो. बासष्टच्या निवडणुकीआधी त्यांनी आळीतली माणसं फणसाखाली रांगेत उभी केली आणि तांदळाच्या डब्याला चीर पाडून मतदानाची तालीम घेतली. कुणी काही सुचवलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "नियमात बसता काय?"

धामापूरच्या शाळेत ते केंद्राध्यक्ष होते आणि मी त्यांच्या हाताखाली. आदल्या दिवशी मालवणहून निरोप आला, मुंबईच्या परदेशी वकिलातींतले तीन साहेब आपलं मतदान बघायला येताहेत. झालं! सारवलेली अंगणं पुन्हा सारवली गेली, शहाळी उतरवली गेली. तात्यांनी माझ्याकडून माझ्याच बोटाला शाई लावायचा सराव अकरा वेळा करून घेतला. साधी दौतीतली शाई होती म्हणून बरं, मतदानाची न पुसणारी असती तर मलाच मत देता आलं नसतं.

दहाच्या सुमाराला जीप आली. सगळी रांग मतदान विसरून तिकडे वळली. काळा कोट घातलेले तात्या दारात आडवे उभे राहिले आणि त्यांनी परवानगीचं पत्र मागितलं. ते जीपमधल्या पिशवीत राहिलं होतं. त्यांच्याबरोबरचा दुभाष्या धावत जाऊन घेऊन येईपर्यंत तिन्ही साहेब उन्हात तिष्ठत राहिले.

आत आल्यावर एका साहेबाला मत द्यायच्या पडद्यामागे डोकावायचं होतं. तात्यांनी हात आडवा केला.

"थंय देवाकसुद्धा जावक गावचा नाय," ते म्हणाले आणि लगेच कचेरीच्या मराठीत खुलासा केला, की तिथे मतदाराखेरीज कुणालाच प्रवेश नाही. साहेबाने हसत ते वहीत टिपून घेतलं.

तेवढ्यात एक म्हातारी आत आली. तात्यांची थोरली वहिनी. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलेलं. दहा वर्षांपूर्वी, पहिल्या निवडणुकीत, यादी करणाऱ्याला तिने लाजून स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, 'अमक्याची बायको' एवढंच सांगितलं. ती नोंद रद्द झाली आणि मतदानाच्या दिवशी तात्यांनीच तिला केंद्रावरून परत पाठवलं. घरी जाऊन तिने त्यांच्यासाठी भात टाकला. पुढच्या यादीच्या वेळी तात्या दारोदार हिंडून बायकांना नाव सांगायची गळ घालत होते, ते का, हे मला त्या दिवशी उमगलं.

मी नाव विचारलं. ती पुटपुटली. मला ऐकू आलं होतं, मी यादीवर खूण करणार, तोच तात्या उठून उभे राहिले.

"मोठ्यान सांग गो वैनी."

"सरस्वती," ती खणखणीत म्हणाली.

ती मत देऊन गेल्यावर साहेबाने दुभाष्याकरवी विचारलं, म्हातारीला दोनदा नाव का सांगायला लावलंत?

तात्या दाराबाहेर बघत होते. "चाळीस वर्सां तिचा नाव कोणी घेवक नाय," ते हळूच म्हणाले. "माका ऐकूचा होता."

मुंबईच्या दुभाष्याला ते कळलं नाही. तात्यांनीही पुन्हा सांगितलं नाही.