छपराचा पवित्रा

"दिवस?" वेंडेलने नवी पुस्तिका हवेत फडकावली. "दिवस! कुठल्या गाढवाने छापलं हे?"

"मी," आलोइस म्हणाला. "आणि ओरडू नका दाजी, अकराला गिस्लरबाई यायच्यात."

गिस्लरबाई म्हणजे गावच्या नेमबाजी मंडळाच्या कारभारीण. जुनी हेलबार्ड चालवायला शिकवणाऱ्या वेंडेलच्या संघाला आधी दोन जागांतून हाकललं होतं. एकीकडे खिडकी फुटली, दुसरीकडे भिंतीवरचं घड्याळ. स्वित्झर्लंडमधल्या त्या सार्नेनच्या आसपास तिसरं कुणी त्यांना दारात उभं करायला तयार नव्हतं. मंडळाची ही लाकडी शेड मिळाली नाही, तर संघ मोडणार हे आठही शिष्यांना ठाऊक होतं. बाईंची फक्त सही बाकी होती.

भांडण मात्र अकरा वर्षांचं, आणि एका शब्दाचं. भाला, कुऱ्हाड आणि आकडा एकाच दांड्यावर बसवलेलं हे शस्त्र उंच धरण्याच्या पवित्र्याला जुन्या जर्मन पोथीत 'टाग' म्हटलंय. टाग म्हणजे दिवस. वेंडेलच्या मते मूळ शब्द 'डाख', म्हणजे छप्पर. पोथी ऐकून उतरवणाऱ्याचे कान कच्चे. छप्पर म्हटलं की टोक सरळ वर. मेहुण्याच्या, म्हणजे आलोइसच्या मते टोक जरा मागे झुकलेलं, उन्हं कलतात तसं.

"झुकलेल्या हेलबार्डीवर काय वाळत घालणार तू, चड्ड्या?"

"तसं धरलं की हात भरून येत नाहीत, दाजी. करून बघा."

"रबरी पातं आहे म्हणून! खरं लोखंड घे, मग कळेल. आणि शस्त्रं हातात असताना दाजी म्हणू नकोस मला!"

खरी हेलबार्ड कापडातून काढायची नाही, असा नियम वेंडेलनेच लिहून भिंतीवर लावला होता. त्या कागदाखाली ती उभी होती. त्याने ती उचलली आणि कापड ओरबाडून काढलं.

तसा तो हिशेबी माणूस. शेड पाहायला आला तेव्हाच त्याने उंची मोजली होती. सरावाचं शस्त्र सरळ धरलं, की वर बारा सेंटिमीटर मोकळे राहत. खऱ्याचं टोक वीस सेंटिमीटर जास्त लांब. तेही त्याने मोजलं होतं, पण रागात वजाबाकी होत नाही.

"डाख!" तो गरजला.

खाड्!

टोक छताच्या फळीत रुतलं. वरून थोडा भुसा वेंडेलच्या भुवयांवर पडला.

"अडकलं?"

"गप्प."

"ओढू नका, अख्खी फळी खाली येईल."

"गप्प म्हटलं ना!"

चर्चच्या घंटेने अकरा ठोके दिले आणि दार उघडून गिस्लरबाई आत आल्या. हात वर ताणलेला, चेहरा बीटासारखा लाल झालेला वेंडेल पाहून त्या थबकल्या.

"यांना काय झालंय?"

"पवित्रा आहे," आलोइस घाईघाईने म्हणाला. "चिकाटीचा."

"किती वेळ उभे राहतात असे?"

"सही होईपर्यंत," वेंडेल दात आवळून म्हणाला.

बाईंनी कौतुकाने मान हलवली, टेबलावर कागद पसरला, पेन उघडलं. "बरे शिस्तीचे आहात हो. मला सांगितलं होतं, नुसता आरडाओरडा करणारी माणसं आहेत म्हणून."

"आरडाओरडा?" वेंडेल कडाडला. "कोण म्हणालं असं?"

त्या हिसक्यासरशी टोक निघालं. पाठोपाठ लाकडी कौलाचा तुकडा घरंगळला आणि बाईंच्या कागदावर, सहीच्या नेमक्या जागी, उन्हाचा गोल कवडसा पडला.

बाईंनी सावकाश वर पाहिलं. "हे काय आहे?"

"छपराचा पवित्रा," वेंडेल म्हणाला.

आलोइसला राहवलं नाही. कवडशावर बोट ठेवत तो पुटपुटला, "दिवस."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पुन्हा टोपण काढलं, कागदावरचा 'शेड' हा शब्द खोडून तिथे 'मागचं अंगण' लिहिलं आणि सही केली.

"आधी भोक बुजवा. आणि कुठलंही छप्पर मी तुमच्या हाती देणार नाही."

संघ वाचला. पुढच्या शनिवारी अंगणातल्या गोठलेल्या गवतावर आठ शिष्य रांगेत उभे राहिले. वेंडेलने टोक सरळ वर धरलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "डाख!"

आठही माना वर वळल्या. वर कुठे छप्पर नव्हतं. नुसता लखलखीत दिवस होता, आणि आलोइस हसत होता.