चुका मागणारे खांबेटेकाका

हे मी आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. माझं म्हणून जे एक काम जगाला दिसतं, ते माझं नाही. ते आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या खांबेटेकाकांचं आहे.

रद्दीवाला रद्दी मागतो तसे खांबेटेकाका चुका मागतात. प्रोग्रॅमिंग शिकणारं पोर जिन्यात दिसलं की अडवतात.

"काय गं, आज काही चुकलं का?"

"नाही काका, सगळं बरोबर आलं."

"अरेरे!" आणि खरोखरच हळहळतात. वॉचमन तर लांबूनच हात जोडतो, "काका, आज नाय चुकलो. उद्या बघा."

आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक कंपायलर असतो. निवृत्तीनंतर काका तसल्या एका कंपायलरवर फुकट काम करतात. तो सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती पाठवावी, जाणत्यांनी तपासावी. काकांचा प्रांत एकच. आपलं चुकल्यावर कंपायलर जो संदेश दाखवतो, तो. "चूक दाखवावी, माणसाला पाडू नये," हे त्यांचं पालुपद. 'अमुक अपेक्षित होतं, सापडलं नाही' ही त्या संदेशांची भाषा अंगात इतकी मुरलेली, की हॉटेलातही म्हणतात, "बाळा, चहात साखर अपेक्षित होती, सापडली नाही. ढवळायची राहिली असेल का?" वेटर निमूट चमचा आणतो.

दुरुस्तीसोबत एक चुकलेला छोटा प्रोग्रॅम जोडायचा, म्हणजे ती चूक पुन्हा नीट पकडली जाते की नाही ते कळतं, असा तिथला नियम. काकांच्या अशा प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एक नाव असायचंच, सुनंदा. काकूंचं. त्या जाऊन तीन वर्षं झालेली. मी मनात हसायचो.

तेव्हा ऑफिसात माझ्या बढतीचं चाललेलं. साहेबांना अशा खुल्या प्रकल्पात काम केलेला प्रोग्रॅमर हवा होता. काकांनी एक दुरुस्ती "पाठवण्याआधी नजर टाक रे" म्हणून माझ्याकडे दिलेली. मी ती माझ्या नावाने पाठवली. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून सात ठिकाणची सुनंदा खोडून 'एक्स' केलं.

वाटलं, परदेशातलं कुणीतरी तपासेल. तपासायला गेली काकांकडेच. त्यांनी तिथे एवढंच लिहिलं, 'नावं बोलकी ठेवता आली असती', आणि मंजूर केली.

संध्याकाळी जिन्यात गाठ पडली. मी मान खाली घालून सटकत होतो.

"चहा घेऊन जा," म्हणाले.

टेबलावर काकूंची वही होती. पन्नाशीनंतर काकूंनी हौसेने प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलेलं.

"एकदा वही मिटून म्हणाली, 'हे यंत्र माझ्यावर खेकसतं हो. मला नाही जमायचं.' तेव्हापासून त्याला बोलायला शिकवतोय." काकांनी पानं चाळली. "सगळ्या चुका हिच्याच. आता संपत आल्यात. म्हणून पोरांकडे मागतो."

माझ्या चोरीबद्दल अवाक्षर नाही. पुढे बढतीचे पेढे द्यायला गेलो, तर एक तोंडात टाकून म्हणाले, "वेलदोडा अपेक्षित होता." आणि दुसरा उचलला.

त्या दुरुस्तीची फाइल अजून तशीच, माझ्या नावावर आहे. सात ठिकाणी सुनंदा परत लिहायची, आणि हे काम खांबेट्यांचं आहे असं तिथेच, सगळ्यांसमोर सांगायचं, एवढं माझ्याकडून राहिलं आहे.