विम्याविना दोन दिवस

संकट आलं की माणसं गांगरतात. मी नाही गांगरत! मी कागद काढतो. सव्वीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक सांभाळली आहे. नळाला पाणी येवो न येवो, पत्राला पोच गेलीच पाहिजे, हा माझा खाक्या. म्हणून घराच्या विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी शांतपणे चष्मा पुसला, पत्रावर आवक क्रमांक टाकला, खाली तारीख घातली आणि मगच वाचायला घेतलं. वाचलं आणि मटकन खाली बसलो.

"आपल्या घराच्या विम्याची मुदत येत्या शुक्रवारी संपत असून त्याचे नूतनीकरण करता येणार नाही, याची नोंद घ्यावी."

"अगं, ऐकलंस का! शनिवारपासून आपलं घर उघड्यावर पडणार!"

"म्हणजे? छप्पर काढून नेणार की काय ते?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"छप्पर उडालं तर वाली कोण, म्हणतोय मी!"

थट्टा सोडा, पण मला भीती वाटली. हे घर आम्ही दोघांनी एकेक खोली करत बांधलेलं. वरच्या मजल्याच्या विटांवर बायकोने स्वतः पाणी मारलंय. उद्या त्याला काही झालं, तर दुसरं उभं करायला आता ना वय राहिलं ना ताकद.

विमा एजंटला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, घाबरू नका. आधी कंपनीत जाऊन कारण विचारा. दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्त करा आणि फेरविचाराचा अर्ज द्या. तोवर मी दुसऱ्या कंपनीत तुमचा अर्ज टाकतो. त्यांचा सर्व्हेअर सोमवारी सकाळी घर बघायला येईल. घर पसंत पडलं तर विमा त्याच दिवसापासून लागू."

म्हणजे शनिवार, रविवार घर विम्याविना!

बायकोला घेऊन कंपनीत गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी माझं नाव ऐकताच आतून एक फाइल आणली. दोन्ही हातांनी आणली, एवढी जाड! उघडली तर काय, सगळी माझीच पत्रं! त्याचं असं आहे, घरात काहीही खुट्ट झालं की मी कंपनीला रीतसर कळवत असे. मागणी काही नाही, फक्त माहितीस्तव. पुढे कोणी म्हणायला नको, की आम्हाला सांगितलं नाही!

बाई वाचू लागल्या. "'आज सकाळी दूध उतू जाऊन गॅस विझला. जीवितहानी नाही.' 'जिन्याखालून टकटक आवाज येतो. कारण अज्ञात.' 'सासूबाई आजपासून तीन महिन्यांसाठी राहावयास आल्या आहेत. माहितीस्तव.'"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"एकशे चौदा पत्रं आहेत," बाई म्हणाल्या. "आमचे वरिष्ठ विचारतात, हे घर अजून उभं कसं?"

"पण बाई, नुकसान तर एकदाही झालं नाही!"

"तेच तर! आता होईल, असं त्यांना वाटतंय."

फेरविचाराचा अर्ज तिथेच बसून बायकोने लिहिला. मला पेनाला हात लावू दिला नाही. उत्तराला पंधरा दिवस लागतील, असं कळलं. परत फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "आजपासून तुम्ही एक ओळही लिहायची नाही."

नाही लिहिली! पण शनिवार उजाडला आणि माझं घर मलाच ओळखू येईना. रोजचाच पंखा, पण आता तो नेमका माझ्या टाळूवर नेम धरून फिरतोय असं वाटायला लागलं. फ्रिज गुरगुरला, मी दचकलो. सासूबाईंनी काडी ओढली आणि मी किंचाळलो!

"जावईबापू, घर नाही, शेगडी पेटवतेय! चहाला!"

"आज चहा नाही! सोमवारपर्यंत आग नाही!"

मग मी कामालाच लागलो. सिलिंडर अंगणात नेऊन ठेवला. मेन स्विच बंद केला. आग लागलीच तर, म्हणून जिन्याच्या प्रत्येक पायरीवर वाळूची बादली ठेवली. जिना पेटलाच तर, म्हणून वरच्या खिडकीतून दोर खाली सोडला आणि त्याचं दुसरं टोक कपाटाला बांधलं. छतावरचा भार हलका करावा म्हणून टाकीही रिकामी करायला घेतली. तर तिथल्या पन्हाळीत पाचोळा अडकलेला! सगळं पाणी भिंतीवरून ओघळत खिडकीतून आमच्या गादीवर.

"गेली वीस वर्षं या घराला काही झालं नव्हतं," बायको गादी पिळत म्हणाली. "आता तुम्ही वाचवायला निघालात!"

रविवार आम्ही तिघांनी अंगणात सिलिंडरकडे बघत काढला.

सोमवारी बरोबर दहाला सर्व्हेअर आला. उंच, गंभीर माणूस, हातात पाटी आणि त्यावर फॉर्म. अंगणातला सिलिंडर पाहून त्याने काहीतरी खरडलं. भिंतीवरचा ओघळ पाहून आणखी खरडलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग तो बाजूने घर बघत खिडकीखाली आला.

"हा दोर कशासाठी?"

"ओढू नका!" मी ओरडलो.

माणसाला ओढू नका म्हटलं की तो काय करणार? वर धडाम्‌ असा आवाज झाला. सासूबाई "पडलं! घर पडलं!" करत बाहेर धावल्या. आम्ही वर धावलो. सर्व्हेअर अगदी वरच्या पायरीवरच्या बादलीला अडखळला, ती खालच्या बादलीवर गेली, ती तिच्या खालच्या बादलीवर, आणि तो वाळूसकट थेट दारापर्यंत घसरत आला! वर कपाट पालथं पडलेलं.

संपलं सगळं! आता आपल्या घराला जगात कोणी विचारणार नाही. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

सर्व्हेअरने केसांतली वाळू झटकली. माझ्याकडे बघून बायकोला विचारलं, "ताई, हे सगळं यांनी एकट्यांनी केलं?"

"हो," ती म्हणाली. "भीतीपोटी केलंय हो. घरात त्यांचा जीव अडकलाय."

त्याने तासभर भिंती ठोकून पाहिल्या, वायरिंग तपासलं, गच्चीवर जाऊन आला आणि निघून गेला. तो तास मला सव्वीस वर्षांच्या नोकरीपेक्षा लांब वाटला.

आठवड्याने नवा विमा आला, त्या सोमवारपासूनच लागू! बायकोने मोठ्याने वाचला, "घर अत्यंत मजबूत व सुस्थितीत." मी आनंदाने उडीच मारणार होतो, पण ती पुढची ओळ वाचून हसत खुर्चीत कोसळली.

"अहो, खाली एक अट आहे. 'विमाधारक घरात एकटे असताना झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.'"

तेव्हापासून बायको आणि सासूबाई कुठे गेल्या की मी फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसतो. येणारे-जाणारे विचारतात, तर "हवा खातोय" म्हणून सांगतो. काल त्या दोघी बाजारात गेल्या आणि धो धो पाऊस आला. मी छत्री धरून तासभर फाटकाबाहेर उभा होतो, गुडघ्यापर्यंत चिंब. पण घराला कसला म्हणून धोका नव्हता!