अप्पांचं दावं

भर वैशाखात, सूर्य डोक्यावर आग ओकत असताना, आमच्या गल्लीत 'पाऊस आला!' अशी आरोळी उठायची आणि बाया हातातली कामं टाकून गच्चीकडं धावायच्या. कुरडया, मिरच्या, डाळ, वाळत घातलेलं सगळं पदरात गोळा करून घामाघूम होऊन खाली यायच्या. वर बघावं तर ढगाचा पत्ता नाही. ही आरोळी मन्मथअप्पांच्या मोबाइलची असायची.

मन्मथअप्पा आमचे शेजारी. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, गंगाखेडच्या बाजारात, दावी, कासरे, घुंगुरमाळा असलं बैलांचं सामान विकतात. कपाळावर भस्म, खांद्यावर उपरणं आणि हातात मोबाइल. त्या मोबाइलमध्ये त्यांनी एक ॲप घेतलं होतं. अमुक झालं की फोननं आपोआप तमुक करायचं, एवढंच त्याचं काम. अप्पांनी त्याला धंद्यातलाच शब्द दिला. "ह्याला म्हणतेत दावं. अशाला तसं बांधून टाकायचं. मग जातंय कुठं?"

अशी कितीतरी दावी त्यांनी बांधली होती. फोन पालथा ठेवला की तो मुका व्हायचा. मेहुण्याचा फोन आला की 'अप्पा पूजेला बसले आहेत' असा निरोप आपोआप जायचा, मग पूजा भर दुपारी का असेना. नांदेडहून माल घेऊन येताना परभणीला गाडी बदलायची आणि अप्पांना तर रेल्वेत झोप लागते, म्हणून परभणीच्या अलीकडचं पिंगळी स्टेशन आलं की फोन ओरडायचा, "उठा, परभणी आली!" एकदा त्या आवाजानं निम्मा डबा पिंगळीलाच उतरला. अप्पा म्हणाले, "म्या कुणाला उतरा म्हणलो का? उठा म्हणलो."

गिऱ्हाइकांच्या फोनमध्येही त्यांनी ते ॲप बळंच घालून दिलं होतं आणि सगळ्यांचा 'दावंवाले' नावाचा ग्रुप केला होता. एके दिवशी त्या ग्रुपवर बातमी आली, की परदेशातल्या एका बलाढ्य कंपनीनं ते ॲप विकत घेतलं. झालं! जो तो बोलायला लागला.

"मोठ्या घरात पडलं. आता सुधरल बगा," औषधाच्या दुकानवाल्यानं लिहिलं.

"इकायच्या आदी आपल्याला कुणी इचारलं का?" हा सवाल ज्यानं केला, त्याला ॲप कसं उघडायचं तेसुद्धा माहीत नव्हतं.

राणीसावरगावचा सोपान मेंढरं पाळतो. त्याचा आवाज आला, "गेलं तर जाऊ द्या अप्पा. आमची मेंढरं काय मोबाइल बगून घरी येतेत का?"

अप्पांनी मात्र कंपनीला थेट मराठीत लिहून पाठवलं. आमच्याकडं बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत, ते मालकच ठेवून घेतो. नवीन दावं घेणाऱ्यानं आणायचं. "जनावर तुमी घेतलं, आमची हरकत न्हाई. पण आमचं दावं आमाला ठिवा," असं त्यांनी बजावलं. क्षणात इंग्रजीतून आभाराचं उत्तर आलं. मी ते वाचून दाखवलं, तर अप्पा म्हणाले, "हे बी दावंच हाय की! कुणी लिवलं की आभार."

पण पुढच्याच आठवड्यात फोनवर सूचना आली, की जुनं ॲप बंद होणार. अप्पांचं बोलणंच कमी झालं. मी चेष्टेनं म्हणालो, "अप्पा, आता मेहुण्याशी बोलावं लागणार!"

"बोलीन की. बाकीची समदी दावी तुटू द्या," ते म्हणाले. "पावसाचं तेवढं ऱ्हायला पायजे."

"ते तर सगळ्यात खोटारडं!" मी म्हणालो. अप्पा उठून आत गेले.

तेव्हा गिरिजाकाकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, हळूच म्हणाल्या, "खोटं न्हाई भाऊ ते. पाऊस कोल्हापूरचा हाय. आमची गौरी हाय की तिथं."

गौरीनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून अप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. लेकीचा फोन काकूंकडं यायचा आणि हे उठून ओसरीवर जायचे. "पोरगी स्कुटीवर कामाला जाती. भिजली की ल्हानपनापसून छाती भरती तिची," काकू सांगत होत्या. "त्यो मोबाइल वरडला की मला म्हणतेत, 'कुणाला फोनबिन करायचा आसल तर कर.' नाव घेत न्हाईत."

मला फार वाईट वाटलं. गल्लीभर आम्ही ज्याला हसत होतो, त्या एवढ्याशा धाग्यानं हा हट्टी माणूस लेकीला धरून होता.

ॲप बंद झालं. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसून आभाळाकडं बघत राहायचे, जसं काही कोल्हापूरचा ढग गंगाखेडातून दिसणार होता. एका दुपारी मी दुकानात होतो. काकू मठात गेल्या होत्या. अप्पांनी फोन घेतला, ठेवला, परत घेतला आणि लावला.

"हालो. म्या दुकानातून बोलायलोय." मग अप्पांनी खाकरून विचारलं, "तिकडं पाऊस हाय का?"

पलीकडचं बोलणं ते ऐकत राहिले. उपरण्यानं डोळे पुसले. "रेनकोट हाय का? मग घाल की माय. कामून भिजायलीस?"

फोन ठेवला आणि रस्त्यावर येऊन, रणरणत्या उन्हात, अप्पा स्वतःच्या आवाजात ओरडले, "पाऊस आला!"

सवयीनं गल्लीतल्या बाया गच्चीकडं धावल्या. मी काकूंचं बोलणं घरी सांगितलं होतं. त्यामुळं आमची ही गच्चीवर कुरडयांपाशी उभी होती, ती जागची हलली नाही. म्हणाली, "पळू नका गं. कोल्हापूरचा हाय."