भाईदासभाऊंचं बोट

बोरदडीची सरपंचकी परिवर्तन पॅनलने एका मताने घालवली, हे पारोळ्याच्या तहसील कचेरीबाहेर कर्ण्यावरून पुकारलं गेलं, तेव्हा भाईदासभाऊंनी सगळ्यात आधी आपला डावा हात खिशात घातला. उजवा हात त्यांनी कपाळावर मारला, पण तो चारचौघांना दाखवायला.

कारण त्या डाव्या हाताच्या बोटावर शाई नव्हती. म्हणजे भाऊंनी मतदानच केलं नव्हतं! आता भाईदासभाऊ म्हणजे पॅनलमधल्या कडव्या गटाचा म्होरक्या. पॅनलचे प्रमुख झुलालआबा बिचारे म्हणत होते, "समोरून उभी राहिलेली कुंदाबाई चांगली बाई आहे, बिनविरोध करून टाकू." त्यावर भाऊंनी मारुतीच्या पारावर उभं राहून गर्जना केली होती, "समोरच्याचा चहासुद्धा प्यायचा नाही! अन् आपला जो माणूस मतदान चुकवील, त्याची मिशी भरचौकात भादरू!" हे बोलताना त्यांनी स्वतःच्या मिशीला पीळ दिला होता. पंचक्रोशीत तशी मिशी नव्हती हो.

आणि मतदानाच्या दिवशी हा माणूस पहाटेपासून गाडी घेऊन मतदार आणत होता. सुरतेहून आलेली पोरं उतरवून घेतली, मळ्यांतली म्हातारी माणसं वाहिली. शेवटची खेप पाचोऱ्याची. लेकीकडे राहणाऱ्या पुष्पाबाई आत्याला त्यांनी गाडीत घातलं, शाळेच्या दारात उतरवलं आणि उचलून आतल्या रांगेत नेऊन बसवलं. गाडी रस्त्यात आडवी राहिली होती, ती काढायला बाहेर आले, तेवढ्यात वेळ संपली आणि शिपायाने फाटक लावलं. भाऊंनी मनाशी म्हटलं, जाऊ दे, आपण दोनशेनं येतोय, एका मताने काय बिघडतंय? बिघडलं ते एवढंच.

"एक मत!" भाऊंचा उजवा हात समजला जाणारा समाधान कचेरीच्या आवारात थयथयाट करत होता. "भाऊ, आपलाच कोनी गद्दार शे! तुम्हीच सांगेल व्हतं ना? बठ्ठासना बोटं दखा!"

पोरं एकमेकांची बोटं तपासू लागली. चोराच्या मनात चांदणं! भाऊंनी खिशातल्या खिशात बोटाला रुमाल गुंडाळायला सुरुवात केली. एका हाताने गाठ बसेना, तेव्हा भिंतीकडे तोंड करून दातांनी आवळली.

"भाऊ, हाई काय व्हयनं बोटले?"

"काही नई रे. जरासं लागनं."

"कोनी मारं? नाव सांगा फक्त!"

"जाऊ दे. आपले कोनंच नाव घेनं नई," भाऊ म्हणाले. ते खरं बोलले होते, पण पोरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भाऊ मार खाऊन आले आणि नावही सांगत नाहीत! काय हे मोठं मन!

मग गाडं उताराला लागलं. मिरवणुकीसाठी गुलाल आणून ठेवलेला होता, मुख्तार बँडवाला गावच्या वेशीवर सकाळपासून ताटकळला होता. समाधान म्हणाला, "एका मतानी हार म्हणजे काय हार शे? आपण तं जिकेलच शेतस! मवाळ माणसांमुळे ते एक मत गयं. भाऊंचंच खरं व्हतं!" पोरांना हे इतकं पटलं की त्यांनी भाऊंना तिथल्या तिथे पॅनलप्रमुख करून टाकलं. झुलालआबांना कुणी विचारलंही नाही. आबा पान खात उभे राहिले.

वेशीवर मुख्तार मात्र गोंधळला. "भाऊ, हरलेल्यांची मिरवणूक मी आजवर नाही वाजवली. यात वाजवतात काय?"

"वाजव रे, लगीन समज!" समाधानने फर्मावलं.

आणि निघाली की हो मिरवणूक! भाऊ खांद्यांवर, अंगभर गुलाल, आणि झेंड्यासारखं वर धरलेलं ते रुमालातलं बोट. पोरांनीच मनगट धरून वर केलं होतं, भाऊंची काय बिशाद होती खाली घ्यायची! वेशीपाशी ते बोट चेचलेलं होतं. दुकानांच्या रांगेपर्यंत कुंदाबाईच्या माणसाने दार आपटून चेचलं, असं झालं. पारापाशी पोचेतो कुऱ्हाडीने अर्धं तुटलं होतं. रुमालावर गुलाल पडून पडून तो लालभडक झालेला, मग पुरावा आणखी काय पाहिजे?

पारालगतच्या घराच्या उंबऱ्यातूनच भाऊंची बायको दीपमाला ओरडली, "सकायले तं बोट धडधाकट व्हतं! काय व्हयनं वं माय!"

"पोलिसात जाऊत!" समाधान गरजला. "पहिले दवाखाना, पट्टी सोडीसन दाखला, मंग केस!"

पट्टी सोडायची म्हटल्यावर भाऊंना घाम फुटला. "नको! मी बठ्ठासले माफ करं!" ते खांद्यावरूनच ओरडले. त्यावर "भाईदासभाऊ आगे बढो" इतक्या जोरात झालं की पारावरचे कावळे उडाले. भाऊ जितके मागे सरत तितकी पोरं त्यांना वर उचलत होती.

एवढ्यात गर्दी फाकली. समोरून नव्या सरपंच कुंदाबाई येत होत्या. हातात मलमपट्टीचा डबा. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. गावातल्या निम्म्या गुडघ्यांना त्यांनी आयोडिन लावलं होतं.

"कुणाच्या माणसाने मारलं ते मला बघू दे," त्या म्हणाल्या. "माझा असला तर मीच पोलिसात देते."

"दखा ना! तुमना डोयानी दखा!" समाधानने भाऊंना खाली उतरवून त्यांच्यापुढे केलं.

"इथे धूळ आहे. जखमेत जाईल. घरात चला भाऊ, बाकी सगळे बाहेर."

घरात दार लोटून त्यांनी रुमाल सोडला. एक वेढा, दुसरा वेढा. आतून निघालं गोरंगोमटं, टवटवीत, कोरं बोट. कुंदाबाईंनी ते उजेडाकडे धरलं, उलटसुलट केलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"भाऊ, शाई कुठे आहे?"

भाऊंनी हात जोडले. "अक्का, आत्याले उचलीसन मझार पोचाडं, गाडी काढाले बाहेर उनू, तं फाटक लागी गयं. मनी मिशी आते तुमना हातमा शे."

"कोणती आत्या? पाचोऱ्याच्या पुष्पाबाई?"

"हा."

कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. खांदे गदगदा हलत होते. "अहो भाऊ, आत्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस थेंब मी घातले. त्या कधीच्या सांगत होत्या, मत तुलाच, पण मला गावात आणणार कोण? माझ्याकडे कुठे गाडी होती? मला वाटलं, ते मत गेलंच. तुम्ही उचलून आणलंत!"

भाऊंनी आपल्या कोऱ्या बोटाकडे पाहिलं. स्वतःचं मत बाहेर ठेवून त्यांनी कुंदाबाईंचं मत आत पोचवलं होतं.

कुंदाबाईंनी डबा उघडला. कापूस घेतला, मलम फासलं आणि सुपारीएवढ्या बोटाचा नारळ होईस्तोवर पट्टी गुंडाळली. मग दार उघडून खणखणीत आवाजात सांगितलं, "जखम आतली आहे. गाडीच्या दारात बोट सापडलंय, कुणी मारलेलं नाही. पट्टी माझ्याशिवाय कुणी सोडायची नाही. आणि आता सगळ्यांनी माझ्याकडे चहाला चला."

पोरांनी भाऊंकडे बघितलं.

"चला रे," भाऊ म्हणाले. "सरपंच बलाई ऱ्हायन्यात."

बँड तयारच होता, गुलालही उरला होता. कुंदाबाईंनी यातलं काहीच आणलेलं नव्हतं, कारण त्या निवडून येतील असं त्यांनाही वाटलं नव्हतं. मुख्तारला यावेळी काय वाजवू म्हणून विचारावं लागलं नाही. विजयाची मिरवणूक बोरदडीत अशी निघाली की बायका गच्चीवर चढल्या. पुढे कुंदाबाई, बाजूला पान चघळणारे झुलालआबा, आणि मागे परिवर्तन पॅनलचा अख्खा कडवा गट.

पहिल्या ग्रामसभेत मुलींच्या शाळेला नवीन खोल्या बांधायचा ठराव आला, तेव्हा समाधान विरोध करायला बाह्या सरसावून उठला. "आमना गटना कडक विरोध शे! भाऊ, बोला तुम्ही!"

कुंदाबाईंनी खुर्चीतूनच मायेने विचारलं, "भाऊ, बोट कसं आहे? सोडू का पट्टी आज, सगळ्यांसमोर?"

भाऊंनी पट्टीसकट हात वर केला. "मना पाठिंबा शे!" ते म्हणाले आणि लगेच समाधानचा हातही धरून वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.